चढणीचा मास्तर : पॉल द व्हिव्ही

आमच्या गावापासून महाविद्यालय १४ किलोमीटर. मध्ये एक खिंड. एस.टी.च्या वेळा आणि आपल्या तासांच्या वेळा यांचे जमत नाही, हे बाहेरगावाहून येणाऱ्या मित्रांना मी सांगायला नको. पहिल्या वर्षी मी वडिलांच्या काळ्या सायकलीवरून येत असे. ती सायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी. खिंडीत उतरून ती ढकलत न्यावी लागे. पण वर्षभरात तिने वाटेत एकदाही दगा दिला नाही. असे असूनही सायकल-स्टँडवर ती उभी करताना मला लाज वाटे. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे हाती आले, तेव्हा मी मागे लागून वडिलांना ती विकायला लावली आणि दोन्ही पैसे एकत्र करून शहरातून एक जुनी रेसिंग सायकल घेऊन आलो. वाकडे हँडल, बोटभर रुंदीचे टायर, मागे गिअर! वडील काही बोलले नाहीत.

चेन झिजलेली होती म्हणून एका दुकानात नवी टाकून घेतली. दुकानदाराने जुन्या फ्रीव्हीलकडे पाहिले नाही आणि मला पाहण्याची अक्कल नव्हती. तिसऱ्याच दिवशी खिंडीत, सीटवरून उठून जोर लावत असताना चेन दात्यांवरून सटकली, पाय पोकळीत गेला आणि मी हँडलवरून थेट डांबरावर. मनगटाचे हाड मोडले आणि सत्र परीक्षेचे दोन पेपर बुडाले.

हात गळ्यात अडकवून घरी बसलो असताना गावचे सायकलवाले काका पाहायला आले. त्यांनी मला पाहिले नाही, सायकल पाहिली. ती उलटी करून, पायडल फिरवून त्यांनी दोन मिनिटांत निदान केले. चेन नवी, दाते जुने. या दोघांचा संसार व्हायचा नाही. मग त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. ही सायकल कोणत्या रस्त्यासाठी बनवली आहे, ते मला ठाऊक आहे का? मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाच्या मागे लागून, डाव्या हाताने पाने उलटत, मी सायकलच्या इतिहासात शिरलो. तेथे मला एक फ्रेंच गृहस्थ भेटला. हाच प्रश्न तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साऱ्या फ्रान्सला विचारत होता. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. सायकलच्या जगात तो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ओळखला जातो. मराठीत त्याच्याविषयी माझ्या वाचनात काही आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पॉल द व्हिव्हीचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. त्याचे शिक्षण जुन्या वळणाचे, अभिजात भाषांचे आणि ग्रंथांचे. आपल्या भाषेत बोलायचे तर तो कला शाखेचा विद्यार्थी! यंत्रशास्त्राची कोणतीही पदवी त्याच्याजवळ नव्हती, ही गोष्ट विज्ञान शाखेकडे पाहून उसासे टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे तो रेशमाच्या व्यापारात पडला, सेंत एतिएन या शहरात त्याने जम बसवला, लग्न झाले, मुले झाली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८८१ साली, त्याने पहिली सायकल घेतली. इथून पुढे त्याचे आयुष्य रेशमी राहिले नाही.

ती सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे ताटाएवढे चाक, अशी त्या काळची उंच सायकल. तिला चेन नव्हती. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असत, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. जास्त अंतर कापायचे तर चाकच मोठे करायचे, आणि चाक किती मोठे करायचे हे बसणाऱ्याच्या पायांच्या लांबीवर ठरायचे. अशा सायकलीवर सहा तासांत १०० किलोमीटर जाऊन दाखव, असे आव्हान एका मित्राने त्याला दिले, अशी गोष्ट सांगतात. पॉलने ते स्वीकारले आणि तो ला शेझ-दिय या डोंगरातल्या गावापर्यंत गेला. त्या दिवशी पैज महत्त्वाची राहिली नाही. डोंगर, रस्ता आणि आपल्या पायांनी पुढे जाण्याचा आनंद, यांनी त्याला कायमचे बांधून टाकले.

त्या काळी सायकलची पंढरी म्हणजे इंग्लंडमधील कॉव्हेंट्री. तेथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली ‘रोव्हर’ ही सायकल बनवली होती. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेनने दिलेली गती, असा तिचा आराखडा होता. आज आपण जी सायकल म्हणतो, तिचे कूळ हेच. पॉल कॉव्हेंट्रीला गेला, कारखाने पाहिले, आणि १८८७ साली त्याने चांगला चाललेला रेशमाचा धंदा विकून सेंत एतिएनमध्ये सायकलचे दुकान काढले. त्याच वर्षी त्याने सायकलस्वारांसाठी एक मासिक सुरू केले. तेच लवकरच ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्धीस आले. घरात बायको-मुले असलेल्या चौतीस वर्षांच्या माणसाने असा निर्णय घ्यावा, याला धाडस म्हणावे की वेड, हे वाचकांनी ठरवावे.

जाता जाता एक योगायोग सांगतो. आपल्याकडचा किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ सालापासून मोजतो, तो लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव त्या दुकानातून नांगरांकडे आणि कारखान्यांकडे गेले. पॉल मात्र त्या दुकानातून कोठेच गेला नाही. दोन चाकांमध्येच त्याला आयुष्यभर पुरेल एवढे काम सापडले.

सेंत एतिएन हे शहर समजून घेतले पाहिजे. कोळशाच्या खाणी, फिती विणणारे माग आणि बंदुका बनवणारे कारागीर, अशी या गावाची ओळख. बंदुकीची नळी घडवणाऱ्या हाताला सायकलचा सांगाडा आणि हब घडवणे जड नव्हते. म्हणून पुढे हे शहर फ्रान्समधील सायकल-उद्योगाचे मोठे केंद्र झाले. शिवाय शहराच्या वेशीपासूनच चढ सुरू होतो. दक्षिणेकडे ‘कोल द ला रेपुब्लिक’ नावाचा घाट आहे. त्याची उंची १,१६१ मीटर, म्हणजे गावापासून ६०० मीटरहून अधिक चढायचे. एकीकडे लोखंड घडवणारे लोक आणि दुसरीकडे त्या लोखंडाची परीक्षा पाहणारा घाट! सायकलचा अभ्यास करायला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती?

पॉलने आधी इंग्लंडहून सायकली आणून विकल्या. मग १८८९ साली त्याने ‘ला गोल्वाझ’ नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. तिला एकच गिअर होता, कारण तेव्हा सर्वांनाच एक गिअर असे. एके दिवशी तो याच सायकलीवरून रेपुब्लिकचा घाट चढत होता. घामाघूम झालेला. तेवढ्यात मागून त्याच्याच मासिकाचा एक वाचक आला आणि तोंडातला पाइप न काढता त्याला मागे टाकून निघून गेला, अशी आख्यायिका आहे. संपादकाला वाचकाने असे मागे टाकावे! पॉलचा मान दुखावला असेलच. पण त्याहून मोठी गोष्ट घडली. त्याच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला.

तो हिशेब आपल्यालाही करता येईल. पुढच्या चेनव्हीलला ४८ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १६, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा घेर २ मीटर १० सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल ६ मीटर ३० सेंटिमीटर पुढे जाते. फ्रेंच लोक गिअर मोजतात तो असा, मीटरमध्ये. सपाटीला हे ठीक आहे. पण चढावर प्रत्येक फेऱ्याला तेवढेच ६ मीटर ३० सेंटिमीटर वर न्यायचे म्हटले की गुडघे बोलू लागतात. गिअर हलका ठेवावा तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात आणि अंतर कापले जात नाही. रस्ता बदलतो, वारा बदलतो, दिवस चढतो तशी माणसाची ताकद बदलते. मग सायकलीतील हे दात्यांचे प्रमाण तेवढे एकच का असावे?

पॉलचा पहिला उपाय अगदी घरगुती होता. त्याने पुढे दोन चेनव्हील बसवले, एक मोठे आणि एक लहान. चढ आला की उतरायचे, हाताने चेन उचलून लहानावर टाकायची, आणि पुन्हा बसायचे. हात काळे होत, पण पाय वाचत. पुढे त्याने डाव्या बाजूलाही अशीच सोय करून चार गिअर मिळवले. त्यानंतर इंग्लंडमधील बदलत्या गिअरच्या सायकली त्याने अभ्यासल्या, चालवल्या, त्यांचे गुणदोष मासिकात मांडले. चेन चालू असतानाच एका दात्याच्या चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र, म्हणजे डिरेलर, हे काही एकट्या पॉलचे अपत्य नाही. पण त्याच्या शहरातील आणि त्याच्या परिवारातील लोकांनी ते वाढवले. त्याचा साथी जोआनी पानेल याने पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात ‘शेमिनो’ नावाचे डिरेलर बनवले. शेमिनो म्हणजे रस्त्याने फिरणारा भटक्या. नाव किती समर्पक!

आता कोणालाही वाटेल की एवढी सोयीची वस्तू निघाल्यावर लोकांनी तिचे स्वागत केले असेल. तसे झाले नाही. त्या काळी सायकलच्या जगात शर्यतींचा बोलबाला होता, आणि शर्यतींचे अध्वर्यू होते आंरी देग्रांज. ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारे हेच संपादक. १९०२ साली तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने डोंगरी रस्त्यावर सायकलींची एक कसोटी ठेवली. एदुआर फिशर नावाचा शर्यतपटू एका गिअरच्या सायकलीवर होता. मार्त हेस ही स्त्री तीन गिअरच्या ‘गोल्वाझ’वर होती. त्या काळच्या वृत्तांताप्रमाणे मार्त हेस हिने सबंध मार्गात एकदाही जमिनीला पाय टेकवला नाही आणि ती सहज सरस ठरली. पुरुषांच्या पोटऱ्यांवर उभ्या असलेल्या एका साम्राज्याला तो धक्का होता. देग्रांज यांनी त्यावर असे मत मांडले की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. खरा विजय स्नायूंचा, यंत्राच्या युक्तीचा नव्हे. त्या वेळी पॉल एकोणपन्नास वर्षांचा होता. हा टोला कोणाला होता ते सांगायला नको.

देग्रांज यांचा मुद्दा निव्वळ हट्टाचा होता असे मला वाटत नाही. शर्यत ही माणसामाणसांची असते. तिच्यात सर्वांना सारखी अडचण असावी, हे म्हणणे समजू शकते. पण त्यातून एक विपरीत गोष्ट घडली. जे शर्यतीत चालते तेच उत्तम, असे सामान्य माणूस समजू लागला. ज्याला पोस्टात जायचे आहे, बाजार करायचा आहे, मावशीच्या गावी जायचे आहे, तोही शर्यतपटूसारखीच सायकल मागू लागला. १९०३च्या पहिल्या ‘तूर’चा एक टप्पा रेपुब्लिकच्या घाटावरूनच गेला आणि स्पर्धक तो एका गिअरवर चढले. पुढे कितीतरी वर्षे त्या शर्यतीत मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दात्यांची चाके असत. घाट आला की उतरून चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि पुन्हा निघायचे. डिरेलरला ‘तूर’मध्ये परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर पॉल जाऊन सात वर्षे झाली होती.

पॉलचे मोठेपण मला या वादात दिसते. तो देग्रांज यांच्याशी शब्दांनी भांडत बसला नाही. तो सायकल चालवत राहिला. कधी कधी रात्रंदिवस, चाळीस-चाळीस तास तो आणि त्याचे साथीदार रस्त्यावर असत. ईस्टरच्या सुट्टीत प्रोव्हान्सकडे जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. अशा लांबच्या प्रवासांतून तो यंत्र आणि शरीर ही दोन्ही एकदमच पारखून घेई. दुकानात झळकणारा प्रत्येक भाग रात्रीच्या तीन वाजता, पावसात, गावापासून दूर कसा वागतो, याला तो महत्त्व देई. परत आला की चांगले-वाईट सगळे मासिकात लिही आणि वाचकांनाही त्यांचे अनुभव लिहायला लावी. कोणाचे मत वेगळे पडले तर तेही छापले जाई. स्वतः सायकली विकणाऱ्या माणसाने सायकलीतील उणिवा छापाव्यात, हे व्यापाराच्या नियमात बसत नाही. रेशीम विकून त्याला जे मिळाले असते ते सायकली विकून मिळाले नाही, आणि त्याची खंत त्याने केल्याचे दिसत नाही.

टायरच्या बाबतीतही तो लोकांच्या विरुद्ध गेला. अरुंद आणि टणक टायर म्हणजे वेग, अशी समजूत तेव्हाही होती आणि माझ्या बाबतीत परवा-परवापर्यंत होती. पॉलचे म्हणणे असे की रुंद आणि लवचीक टायर खराब रस्त्यावर कमी दणके देतो, माणूस कमी थकतो, म्हणून शेवटी तो मागे पडत नाही. तो स्वतः रुंद टायर आणि लहान चाके वापरून पाहत असे. बहुतेकांनी याकडे विक्षिप्तपणा म्हणून पाहिले. आज रस्त्यावरच्या शर्यतीतील सायकलींनाही पूर्वीपेक्षा रुंद टायर लावतात.

त्याची राहणी साधी होती. तो शाकाहारी होता. जगातल्या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून तयार केलेल्या एस्पेरांतो या भाषेचा तो पुरस्कर्ता होता. मला यात एक संगती दिसते. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचे एकमेकांशी जुळावे असे वाटणारा हा माणूस होता, आणि वेगवेगळ्या कारखान्यांतल्या भागांचे जुळवत त्याचे आयुष्य गेले! या बाबतीत नियतीने थोडी थट्टा केली. त्याच्या पश्चातही कित्येक दशके फ्रेंच सायकलींचे आटे इंग्रजी सायकलींपेक्षा वेगळे राहिले. इंग्रजी सायकलीत पायडलच्या मधल्या कण्याचा उजवा कप उलट्या आट्याचा, तर फ्रेंचमध्ये तोही सरळ आट्याचा. एकाचा कप दुसऱ्यात जबरदस्तीने फिरवला तर सांगाड्याचेच आटे जातात. माणसांना जोडणारी भाषा काढता आली, पण दोन देशांचे आटे जुळवणे त्याहून अवघड ठरले.

सायकलस्वारांसाठी त्याने काही नियम सांगितले आहेत. ते खाणे, पिणे, विश्रांती यांविषयी आहेत. आणि त्यांत एक आहे तो केवळ मिरवण्यासाठी सायकल चालवू नये अशा आशयाचा. हा नियम वाचताना मला आपल्या सायकल-स्टँडची आणि माझी आठवण झाली.

१९२२ पासून त्याच्या सन्मानार्थ सेंत एतिएनहून रेपुब्लिकच्या घाटावर सायकलने जाण्याचा एक दिवस साजरा होऊ लागला. एके काळी ज्या चढावर एका वाचकाने त्याला मागे टाकले, त्याच चढावर म्हातारे-कोतारे, बायका, मुले असे सगळे गिअर लावलेल्या सायकलींवरून त्याच्यासाठी चढू लागले. आपल्या हयातीत असा सोहळा पाहण्याचे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. घाटमाथ्यावर आज त्याचे स्मारक आहे.

१९३० साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षात, तो सेंत एतिएनच्या रस्त्यावर अपघातात गेला. रहदारी फार म्हणून तो सायकलवरून उतरून ती हाताने नेत होता, आणि ट्रामचा धक्का लागला. आयुष्यभर रात्री-अपरात्री डोंगर तुडवलेल्या माणसाला मरण आले ते शहरात, पायी चालताना. शेवटच्या क्षणीही सायकल त्याच्या हातात होती.

चरित्र येथे संपते. पण काकांच्या प्रश्नाचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. प्लास्टर निघाल्यावर मी पॉलच्या पद्धतीने कागद घेऊन बसलो. आधी रस्ता लिहिला : १४ किलोमीटर, एक खिंड, पावसाळ्यात खड्डे, पाठीवर पुस्तके. मग सायकल लिहिली. पुढचे लहान चेनव्हील ३९ दात्यांचे, मागचे सर्वांत मोठे चाक २१ दात्यांचे. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही एका फेऱ्याला ३ मीटर ९० सेंटिमीटर. खिंड मला जड का जात होती, ते एका भागाकारात कळले!

पुढे याहून लहान चेनव्हील बसवावे म्हटले, तर क्रँकच्या पाच बोल्टांचे वर्तुळ १३० मिलिमीटरचे. त्याला ३८ दात्यांच्या खाली काही बसत नाही. म्हणून मागचे फ्रीव्हील बदलून २८ दात्यांपर्यंतचे घ्यायचे ठरले. पण जुने डिरेलर एवढ्या मोठ्या चाकापर्यंत पोहोचेना, म्हणून लांब पिंजऱ्याचे डिरेलर आले. फ्रीव्हील आणि चेन एकदमच नवी घेतली, आणि चेनची रुंदी फ्रीव्हीलला चालणारीच आहे हे पाहून घेतली. एका दात्याच्या साध्या सायकलीची चेन आतून १/८ इंच रुंद असते, गिअरची ३/३२ इंच; दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. गिअरचा खटका मुद्दाम बिनटप्प्याचा घेतला. टप्प्याटप्प्याने ‘टक्’ वाजणारा खटका ठरावीक अंतराच्या दात्यांशीच जुळतो. बिनटप्प्याचा कोणाशीही जमवून घेतो. टायर ३२ मिलिमीटरचे लावायचे होते, पण ते ब्रेकखाली घासू लागले. २८ वर समाधान मानले. टायरच्या कडेला ‘२८-६२२’ असे छापलेले असते. त्यातला ६२२ हा आकडा रिमशी जुळला पाहिजे. दुकानात नुसते सत्तावीस किंवा अठ्ठावीस इंची म्हणून मागितले तर भलताच टायर हाती पडतो.

आता सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला ३ मीटरच्याही किंचित खाली. खिंड मी बसून चढतो. पाइप ओढण्याइतका दम राहतो असे मात्र म्हणणार नाही.

हबमध्ये मी साधे छर्रेच ठेवले. बंद डब्यातले बेअरिंग अधिक गुळगुळीत चालते हे खरे, पण ते गेले तर शहरात जावे लागेल. छर्रे काकांच्या डब्यात असतात आणि ते बसवणारा हात आमच्या गावात आहे. वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे तिच्या धातूवर जेवढे ठरते, तेवढेच ती बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार यावरही ठरते, असे मला या प्रकरणात वाटू लागले. वडिलांची काळी सायकल पंचवीस वर्षे का टिकली, याचेही उत्तर मला त्यातच मिळाले. तिचा प्रत्येक भाग दुसऱ्याशी जुळणारा होता, गावात मिळणारा होता, आणि कोणाला दाखवण्यासाठी बसवलेला नव्हता.

ती सायकल परत घ्यावी म्हणून मी गेलो होतो. ज्या दूधवाल्याने ती घेतली, तो आता तिच्यावरून रोज दोन कॅन नेतो. तो विकायला तयार झाला नाही, आणि त्याच्या जागी मीही झालो नसतो. घरी येऊन वडिलांना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तेव्हा ते अंगणात बसून माझ्या सायकलीच्या चेनला तेल घालत होते.

मित्रहो, आपल्या सायकल-स्टँडवर अजूनही पुष्कळ सायकली लागतात. तास सुटल्यावर आपल्या सायकलीची चेन एकदा फूटपट्टीने मोजा. नव्या चेनीच्या चोवीस कड्यांचे अंतर बरोबर १२ इंच भरते. ते १/१६ इंचाने वाढले असेल तर चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. १/८ इंचाने वाढले असेल तर दोन्ही एकदम बदलावी लागतील. एवढी काळजी मी वेळीच घेतली असती, तर माझे दोन पेपर वाचले असते. पण मग सेंत एतिएनच्या या चढणीच्या मास्तरांची आणि माझी गाठ कदाचित पडली नसती.

(द्वितीय वर्ष, कला)